मांजराची वाकडी चाल



मांजर हा प्राणी आपल्या भाषेत जितका वावरला आहे, तितका क्वचितच दुसरा कोणी वावरला असेल. डोळे मिटून दूध पिणारे मांजर आपल्या म्हणींत आहे, गळ्यात घंटा बांधून घेण्याची वाट पाहणारे मांजर बालवाचनात आहे आणि आडवे जाणारे मांजर तर आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात अद्याप घर करून आहे. कोकणीत आम्ही त्याला 'माजर' म्हणतो; नाव थोडे बदलले तरी त्याच्याविषयीच्या समजुती त्याच. परंतु या साऱ्या म्हणी व समजुती नीट न्याहाळल्या म्हणजे एक गंमत ध्यानात येते. मांजर आडवे गेले की आता आपले काय होणार, याचा विचार माणूस करतो. मांजर तसे का गेले, त्याला काही होत होते काय, हा प्रश्न मात्र कोणाच्या मनात उद्भवत नाही.

तो प्रश्न आमच्याही मनात फार उशिरा उद्भवला, हे आरंभीच कबूल केलेले बरे. आम्ही इतिहास व मराठी शिकविणारे, पदवी कलाशाखेची. शरीरशास्त्रावर लिहिण्याचा अधिकार आम्हांस नाही. तथापि आमच्या घरी जो प्रसंग घडला आणि त्यानंतर ग्रंथालयातून आम्ही जे वाचून काढले, ते या अंकातून तुमच्यापुढे ठेवावे, असे आमच्या विज्ञानाच्या सहकाऱ्यांनीच सुचविले. त्यांनी हस्तलिखित वाचून आमच्या दोन चुकाही दुरुस्त केल्या, त्याबद्दल त्यांचे आभार.

आमच्या घरी मनी नावाची एक मांजरी आहे. पांढऱ्या अंगावर करडे पट्टे, स्वभाव थोडा मानी. ऑगस्टच्या आरंभी समुद्रावरील मासेमारीची बंदी उठते आणि त्यानंतर काही आठवडे तारल्यांचा असा सुकाळ होतो की मासळीवाली वाट्यावर चार मासे जास्तच टाकून जाते. ते चार मासे मनीचे. आमच्या मातोश्रींना वाटे, मांजर म्हणजे वाघाची मावशी. तिला शिजविलेले अन्न कशाला? पूर्वी मनी आमच्या पानातला भात-आमटीचा घासही खात असे, पण कच्ची मासळी मिळू लागल्यावर तिने भाताकडे पाहणेच सोडले. गणपती गेले, दसरा गेला. दोन-अडीच महिने मनीचा आहार कच्च्या मासळीवाचून दुसरा नव्हता.

दिवाळीच्या चार दिवस आधी तिची भूक मंदावली. नंतर ती चालताना मागील पाय फाकवून टाकू लागली. आमच्या घरातील मुलांना त्याचे हसू आले. एकाने तर तिच्या चालीची नक्कलही करून दाखविली आणि आम्हीही हसलो. दुसऱ्या दिवशी ती कट्ट्यावर उडी मारावयास गेली आणि कट्टा गाठण्यापूर्वीच खाली पडली. तिसऱ्या दिवशी तिची मान खाली वाकली, हनुवटी जवळजवळ छातीला टेकली, आणि काही केल्या ती वर उचलेना. भर दुपारच्या उजेडात तिची बुबुळे काळीभोर व मोठी झालेली होती. शेजारच्या आजींनी पाहताक्षणीच निदान केले: कोणाची तरी दृष्ट लागली. मीठ-मिरच्या ओवाळून झाल्या. आजींच्या मायेविषयी आम्हांस तिळमात्र शंका नाही. पण मनीची मान काही वर आली नाही. त्या रात्री तिला झटका आला. चारही पाय ताठ होऊन ती एका बाजूस थरथरत राहिली. आमची मुलगी रडू लागली, तेव्हा कोठे आम्हांस शुद्ध आली.

सकाळी टोपलीत घालून तिला पशुवैद्यांकडे नेले. त्यांनी प्रथम मनीला हात लावलाच नाही. टोपलीचे झाकण काढून ते काही वेळ नुसते पाहत राहिले. मग त्यांनी आम्हांला विचारले, "ही खाते काय?" आम्ही मोठ्या अभिमानाने सांगितले, "रोज ताजी मासळी." "शिजवून?" "छे, कच्ची." डॉक्टरांनी मान हलविली. त्यांनी थायामिनचे, म्हणजे ब-१ जीवनसत्त्वाचे, इंजेक्शन दिले आणि सांगितले की निदान बरोबर असेल तर लवकरच फरक दिसेल. दुसऱ्या दिवशी मनीने मान उचलली. चौथ्या दिवशी ती दुडदुडत स्वयंपाकघरात आली. पूर्ववत उडी मारण्यास तिला पुढे तीन आठवडे लागले.

मनीच्या या अवस्थेचे कारण ऐकून आम्ही चकित झालो. कित्येक जातींच्या कच्च्या माशांत थायामिनेझ नावाचे एक विकर असते. ते थायामिनचा नाश करते. मासा शिजविला की उष्णतेने ते विकरच निकामी होते, आणि मग तोच मासा निर्धोक होतो. अन्नातील शर्करेपासून ऊर्जा काढून घेण्याच्या कामी शरीराला थायामिन लागते, आणि मेंदूचा तर सारा संसारच या ऊर्जेवर चालतो. मांजराला या जीवनसत्त्वाची गरज कुत्र्याहून कितीतरी अधिक असते आणि शरीरात त्याचा साठा फारसा राहत नाही. तो संपला की मेंदूच्या बुंध्याशी जी तोल सांभाळणारी व डोळ्यांना वळण देणारी केंद्रे आहेत, ती प्रथम दुबळी होतात. मान वाकणे, पाय फाकणे, बुबुळे विस्फारणे, अखेरीस झटके, हा सारा क्रम त्यातूनच येतो. अमेरिकेत १९३० च्या दशकात कातड्यासाठी पाळलेल्या कोल्ह्यांना कच्चे मासे घातल्यामुळे अगदी याच प्रकारचा पक्षघात झाल्याचे आढळून आले होते.

येथे थोडे विषयांतर करण्याचा मोह आवरत नाही. ज्या जीवनसत्त्वाने मनीला वाचविले, त्याचा शोधही एका प्राण्याच्या वाकड्या चालीतूनच लागला. क्रिस्तिआन आइकमन हा डच वैद्य १८९० च्या सुमारास जावा बेटावर बेरीबेरी या रोगाचा अभ्यास करीत होता. प्रयोगशाळेतील कोंबड्या एकाएकी लडखडू लागल्या आणि काही महिन्यांनी तशाच एकाएकी बऱ्या झाल्या. चौकशी करता असे कळले की मधल्या काळात त्यांना लष्करी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातला उरलेला पांढरा, सडलेला तांदूळ शिजवून मिळत होता. पुढे नव्या आचाऱ्याने सरकारी भात कोंबड्यांना देण्याचे नाकारले आणि त्यांना पुन्हा असडीक तांदूळ मिळू लागला. तांदळाच्या कोंड्यात काहीतरी जीवनावश्यक द्रव्य आहे, हे त्यातून उमगू लागले. आइकमनला १९२९ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. त्या आचाऱ्याचा मात्र कोणी सत्कार केल्याचे आमच्या वाचनात नाही.

आता मूळ विषयाकडे वळू. मांजर काही चमत्कारिक करू लागले म्हणजे ते आजारीच असते, असे मुळीच नाही. तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल की मांजर मऊ पांघरुणावर बसून पुढचे पाय आळीपाळीने दाबीत राहते, जणू कणीक मळते आहे. पिल्लू असताना आईच्या पोटाशी पान्हा फुटावा म्हणून त्याने जे केले, तेच ते मोठेपणी सुखाच्या क्षणी करीत असते. कधी बोका एखादी जागा हुंगून तोंड अर्धवट उघडतो, वरचा ओठ मागे ओढतो आणि मूढासारखा क्षणभर स्तब्ध होतो. त्यास ओकारी येते आहे, असे पाहणाराला वाटते. वास्तविक त्याच्या टाळूच्या वर गंध घेणारे एक निराळे इंद्रिय असते. लुडविग जेकबसन या डॅनिश वैद्याने १८१३ साली त्याचे वर्णन केले. तोंड उघडून बोका तो गंध त्या इंद्रियाकडे पोचवितो. रेडा किंवा बैल मान वर करून ओठ उलटा करतो, तोही याच हेतूने. खेड्यातून येणाऱ्या मुलांना हे दृश्य नवे नाही. मांजर आपल्याकडे पाहून सावकाश डोळे मिटते व उघडते, ते आळसाने नव्हे. २०२० साली इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी प्रयोग करून दाखविले की माणसाने तसेच सावकाश डोळे मिचकावले तर मांजर उलट प्रतिसाद देते आणि जवळ येण्यास अधिक राजी होते. करून पाहा, खर्च काही नाही.

मग आजारी मांजर ओळखावे कसे? येथे खरी अडचण आहे. मांजर हे शिकारी असले तरी अंगाने लहान, म्हणून रानात ते दुसऱ्याची शिकारही होऊ शकते. दुखणे दाखविणारा प्राणी शत्रूच्या नजरेत भरतो. त्यामुळे दुखणे लपविण्याची खोड त्याच्या रक्तातच आहे. कुत्रा दुखले तर केकाटतो. मांजर कोपऱ्यात जाऊन बसते, आणि आपण म्हणतो, आज बाईसाहेब रुसल्या आहेत. इतकेच काय, ते गुरगुरते तेव्हा सुखातच असते, हेही खरे नव्हे. वेदनेत असलेली मांजरेही गुरगुरतात. कॅनडातील माँट्रियल विद्यापीठाच्या पशुवैद्यांनी २०१९ साली मांजराच्या नुसत्या मुद्रेवरून वेदना मोजण्याची एक पद्धत प्रसिद्ध केली. कान एकमेकांपासून दूर जाऊन बाहेर वळले आहेत काय, डोळे आकसले आहेत काय, नाकातोंडाजवळचा भाग ताणला आहे काय, मिशा ताठ झाल्या आहेत काय, आणि डोके खांद्याच्या रेषेखाली झुकले आहे काय, या पाच गोष्टी त्यात पाहतात. डॉक्टर टोपलीपाशी नुसते का उभे राहिले, ते आम्हांस हे वाचल्यावर कळले.

मान खाली वाकणे निराळे आणि मान एका बाजूस कलणे निराळे. कललेल्या मानेचे मांजर एकाच दिशेने गोल गोल फिरत असेल, त्या बाजूस कोलमडत असेल, डोळ्यांची बुबुळे झुलत्या लंबकासारखी हलत असतील, तर दोष बहुधा आतल्या कानाच्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेत असतो. हीच ती यंत्रणा, जिच्या बळावर मांजर उंचावरून पडतानाही हवेत अंग वळवून पायांवर उतरते. मारे या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९४ साली पडत्या मांजराची एकामागून एक छायाचित्रे घेऊन ती करामत जगाला दाखविली. ही यंत्रणा बिघडलेले मांजर भयंकर दिसते. पण कारण कळले नाही तरी अशी कित्येक मांजरे दोन-तीन आठवड्यांत आपोआप सुधारतात. कानात संसर्ग किंवा गाठ असेल तर मात्र उपचार लागतो.

याउलट एक लक्षण दिसावयास अगदी क्षुल्लक, पण प्राणघातक आहे, आणि ते प्रत्येक बोका पाळणाऱ्याने पाठ करून ठेवावे. बोका वारंवार लघवीला बसतो, कुंथतो, ओरडतो, त्या जागी सतत चाटतो, आणि बाहेर थेंबही येत नाही. घरातील माणसे समजतात की त्याला बद्धकोष्ठ झाला, किंवा तो मुद्दाम घाण करावयास पाहतो, आणि त्याला दटावतात. बोक्याचा मूत्रमार्ग फार अरुंद असतो. त्यात खडे किंवा चिकट पदार्थ अडकला की मूत्र तुंबते, रक्तातील पोटॅशियम वाढत जाते आणि दोन-तीन दिवसांत हृदय बंद पडते. येथे सकाळपर्यंत थांबणेही महाग पडते. त्याचप्रमाणे माणसाच्या गोळ्या मांजराला देऊ नयेत. ताप-डोकेदुखीवर आपण सर्रास घेतो ती पॅरासिटामॉलची एक गोळीदेखील मांजराचा जीव घेऊ शकते, कारण ते औषध पचवून निर्विष करण्याची शक्ती त्याच्या यकृतात जवळजवळ नसते. कुत्र्याच्या गोचिडांवरील परमेथ्रिनयुक्त औषध मांजराला लावल्यानेही ते थरथरू लागते व दगावते. आणि अनोळखी किंवा एकाएकी चवताळलेले मांजर चावले अथवा ओरबाडले, तर जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस घ्यावी. रेबीज हा केवळ कुत्र्याचा रोग नव्हे.

इतके सारे वाचीत असता आम्ही एका अशा प्रकरणापाशी येऊन थांबलो की पुढे कित्येक दिवस दुसरे काही वाचवेना. आमचा विषय इतिहास, म्हणून ते थोडे सविस्तर सांगतो.

जपानच्या दक्षिणेस क्यूशू बेटावर, कुमामोतो प्रांतात, मिनामाता नावाचा उपसागर आहे. काठाकाठाने कोळ्यांच्या वस्त्या. आपल्या किनाऱ्याप्रमाणेच तेथेही घरोघर मांजरे, कारण मासळी आहे आणि जाळी कुरतडणारे उंदीर आहेत. १९५० नंतर या मांजरांना काहीतरी होऊ लागले. ती लडखडत, लाळ गाळीत, मध्येच झटके येऊन गरगर फिरत, भिंतीवर आपटत, आणि काही समुद्रात पडून बुडत. लोकांनी या रोगाला नाव दिले 'मांजरांचा नाच'. त्याच सुमारास मासे पाण्यावर उलटे तरंगत आणि कावळे उडता उडता खाली कोसळत. १९५४ च्या ऑगस्टात कुमामोतोच्या एका वृत्तपत्रात बातमी आली की मोदो नावाच्या वस्तीतील मांजरे वेड लागून जवळजवळ नामशेष झाली असून उंदीर फार माजले आहेत, तरी त्यांचा बंदोबस्त व्हावा. म्हणजे तक्रार होती ती उंदरांची! मांजरे का मेली, हे कोणी विचारल्याचे त्या बातमीवरून दिसत नाही. आमच्या घरातील त्या हसण्याची आठवण आम्हांस येथे झाली, आणि ती सुखद नव्हती.

दोन वर्षे लोटली. १९५६ च्या एप्रिलमध्ये पाच वर्षांची एक मुलगी तेथील कारखान्याच्या रुग्णालयात आणण्यात आली. तिला चालता येईना, बोलता येईना, झटके येत. दोनच दिवसांनी तिच्या धाकट्या बहिणीला तेच झाले. शेजारच्या घरांतही असे रोगी असल्याचे आईने सांगितले. रुग्णालयाचे प्रमुख डॉक्टर हाजिमे होसोकावा यांनी १ मे १९५६ रोजी सरकारी आरोग्यकेंद्रास कळविले की मज्जासंस्थेचा एक अज्ञात रोग पसरला आहे. हा दिवस मिनामाता रोगाचा अधिकृत आरंभदिन मानला जातो. मांजरांच्या दृष्टीने पाहिले तर तो आरंभ कितीतरी आधी झाला होता.

प्रारंभी रोग सांसर्गिक असावा असे समजून रोग्यांना वेगळे ठेवण्यात आले, त्यांच्या घरांवर जंतुनाशके फवारली गेली. शेजाऱ्यांनी त्यांच्याशी व्यवहार तोडला. दुकानदार त्यांच्या हातातून पैसे घेईनात. मग १९५७ साली आरोग्यकेंद्राने बाहेरगावची निरोगी मांजरे आणून त्यांना उपसागरातील मासे खाऊ घातले, आणि काही आठवड्यांतच ती 'नाचू' लागली. रोग माशांतून येतो हे त्यावरून सिद्ध झाले. पण माशांत काय होते? मँगनीज, सेलेनियम, थॅलियम अशा एकेका धातूवर संशय घेतला गेला. अखेर १९५९ च्या जुलैत कुमामोतो विद्यापीठाच्या संशोधकांनी जाहीर केले की दोषी द्रव्य सेंद्रिय पारा हे आहे.

पारा आला कोठून? मिनामातात चिस्सो कंपनीचा रसायनांचा मोठा कारखाना होता. १९३२ पासून तेथे असेटाल्डिहाइड नावाचे रसायन तयार होई. त्या क्रियेस गती देण्यासाठी पारा वापरीत, आणि त्याचा काही अंश मिथिल-पाऱ्याच्या रूपाने सांडपाण्यातून समुद्रात जाई. पाण्यात तो इतका विरळ असे की पिणाराला काही कळू नये. परंतु सूक्ष्म जीव तो शोषतात, त्यांना लहान मासे खातात, लहानांना मोठे. प्रत्येक पायरीवर विषाचा संचय वाढत जातो. शिडीच्या शेवटच्या पायरीवर मांजर आणि माणूस शेजारी शेजारी बसलेले असतात. मांजर अंगाने लहान आणि त्याच्या पानात मासळीवाचून काही नाही, म्हणून ते आधी कोसळते. मिथिल-पारा रक्तातून मेंदूत शिरतो आणि लहान मेंदूतील पेशी नष्ट करतो. तोल सांभाळणे आणि हालचालींचा मेळ घालणे, हे काम लहान मेंदूचे. म्हणून तो 'नाच'. मनीच्या लडखडण्यात आणि त्या मांजरांच्या लडखडण्यात पाहणाराला फार फरक दिसला नसता. पण मनीचा मेंदू उपाशी होता, त्यांचा मेंदू मरत होता. उपाशी मेंदूला एका इंजेक्शनने परत आणता येते.

आता या कथेतील जो भाग आम्हांस सर्वांत अवघड वाटतो, तो ऐका. डॉक्टर होसोकावा हे कारखान्याचेच नोकर होते. त्यांनी गुपचूप स्वतःचे प्रयोग चालविले होते. १९५९ च्या जुलैपासून ते एका मांजराच्या अन्नात असेटाल्डिहाइड विभागाचे सांडपाणी रोज २० घन सेंटिमीटर मिसळून देऊ लागले. प्रयोगाच्या नोंदवहीत त्या मांजराचा क्रमांक ४००. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मांजर क्रमांक ४०० लडखडले, त्याला झटके आले, ते गोल फिरू लागले. कारण दाराशीच होते, आणि ते आता केवळ अनुमान राहिले नव्हते. डॉक्टरांनी ही गोष्ट वरिष्ठांच्या कानावर घातली. व्यवस्थापनाने पुढील प्रयोगास मनाई केली. निष्कर्ष प्रसिद्ध झाला नाही. त्याच वर्षीच्या डिसेंबरात कंपनीने मोठ्या समारंभाने सांडपाणी शुद्ध करण्याचे एक यंत्र बसविले. त्याने पारा निघत नव्हता. पुढे आठवडाभरातच कंपनीने रोग्यांशी करार करून त्यांना थोडीशी 'सांत्वनाची रक्कम' दिली, आणि रोगास कारखाना कारण असल्याचे पुढे ठरले तरी अधिक भरपाई मागणार नाही, असे लिहून घेतले. क्रमांक ४०० चे मांजर तेव्हा मरून सुमारे दोन महिने झाले होते.

पारा मात्र समुद्रात जातच राहिला, तो १९६८ पर्यंत. मधल्या काळात, १९६२ मध्ये, हेही निश्चित झाले की आईच्या उदरातील बालकांनाही हा रोग होतो. मातेला फारशी बाधा न दिसता मूल जन्मतःच पंगू होई. १९६५ साली दूर उत्तरेकडील निइगाता येथे दुसऱ्या एका कंपनीच्या पाऱ्याने तोच रोग उद्भवला. जपान सरकारने मिनामाता रोगाचे कारण अधिकृतपणे मान्य केले ते सप्टेंबर १९६८ मध्ये.

होसोकावा यांनी १९६२ साली नोकरी सोडली होती. रोग्यांनी कंपनीवर दावा लावला, तेव्हा त्यांना कर्करोग झालेला होता. जुलै १९७० मध्ये रुग्णालयातील खाटेवरूनच त्यांची साक्ष घेण्यात आली, आणि तीत त्यांनी क्रमांक ४०० ची हकीकत सांगितली. त्याच ऑक्टोबरात ते वारले. २० मार्च १९७३ रोजी कुमामोतोच्या न्यायालयाने कंपनीस दोषी ठरविले व १९५९ चा तो करार रद्दबातल केला. कुमामोतो व कागोशिमा या दोन प्रांतांत मिळून २,२०० हून अधिक माणसांना अधिकृतपणे या रोगाचे रोगी म्हणून मान्यता मिळाली. मान्यता न मिळालेल्यांची संख्या त्याहून पुष्कळ मोठी. उपसागरातील पारामिश्रित गाळ उपसण्यास कित्येक वर्षे लागली, आणि तेथील मासळी निर्धोक झाल्याचे जाहीर झाले ते १९९७ साली. पाऱ्याच्या वापरावर नियंत्रण घालणारा जो आंतरराष्ट्रीय करार २०१३ मध्ये झाला, त्याला मिनामाताचेच नाव दिलेले आहे. भारताने त्यास २०१८ साली मान्यता दिली.

होसोकावा अकरा वर्षे उघडपणे का बोलले नाहीत, असा प्रश्न आम्ही दहावीच्या वर्गात विचारला. काही मुलांनी त्यांना भित्रे ठरविले. एका मुलीने विचारले, "सर, त्यांनी त्या मांजराची नोंद फाडून टाकली असती, तर न्यायालयात काय सांगितले असते?" आम्हांस उत्तर सुचले नाही, आणि तास संपला. तुम्हांस सुचल्यास कळवावे.

हे वाचून कोणी मासळी सोडू नये. आमच्यासारख्या नुस्त्यांवर वाढलेल्या माणसाच्या तोंडी तो उपदेश शोभणारही नाही. तारले, बांगडे यांसारख्या लहान, अल्पायुषी माशांत पारा अगदी कमी असतो; मोरीसारख्या मोठ्या शिकारी माशांत तो अधिक साचतो. मांजराला मासळी द्यावयाची तर उकडून, काटे काढून आणि इतर अन्नाबरोबर द्यावी, इतकाच डॉक्टरांचा सल्ला.

आमच्या मुलीने त्या दिवाळीपासून एक वही घातली आहे. मनीने काय खाल्ले, कितीदा पाणी प्यायली, लघवीला कोठे गेली, चाल कशी होती, हे ती रोज दोन ओळींत टिपून ठेवते. काही वेगळे दिसले तर भ्रमणध्वनीवर त्याचे चलच्चित्र घेऊन ठेवते, कारण दवाखान्यात गेल्यावर मांजर शहाण्यासारखे चालते आणि डॉक्टरांना दाखविण्यासारखे काही उरत नाही. अशीच एक वही आम्ही शाळेच्या वाचनालयातही ठेवली आहे. शाळेच्या आवारात तीन मांजरे असतात. त्यांपैकी काळ्या बोक्याचा उजवा कान गेल्या सोमवारपासून खाली पडलेला असून तो सारखे डोके झटकतो, अशी नोंद आठवीच्या मुलांनी केली आहे. कानात कॉफीच्या चोथ्यासारखा काळा मळ दिसला, म्हणजे बहुधा कानातील किडे. पशुवैद्य शनिवारी यावयाचे आहेत. बोक्याला धरावयास जाड टॉवेल घेऊन दोघांनी यावे.